हातात आलेला सूड

नांदेडला मराठी शिकवत होते तेव्हापासून मी आमच्या ख्रिस्ती वाचकांसाठी ऐतिहासिक कथा लिहीत आले. असं लेखन म्हटलं की आमच्या मंडळीत लोकांना दोनच जागा आठवतात, एक यरुशलेम आणि दुसरं रोम. लातूर, उदगीर, देगलूर, बिलोली इथेही इतिहास घडला आणि इथल्याही एखाद्या ख्रिस्ती माणसापुढे सूड की क्षमा हा प्रश्न उभा राहिला असेल, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला तेच लिहायचं होतं. माझ्या दीर्घकथेतली मार्थाबाई ही १९४८ सालच्या लातूरजवळच्या खेड्यातली बायबलबाई. तिचा धाकटा भाऊ याकोब निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांच्या हातून मारला गेला. पोलीस ॲक्शन झाली, वारं फिरलं, आणि ज्या दस्तगीरने मारेकऱ्यांना याकोबची लपायची जागा दाखवली तोच एका रात्री जीव मुठीत धरून तिच्या दाराशी आला. ती कथा लिहिताना, नांदेड-लातूरच्या घरगुती सभांमधून वाचून दाखवताना आणि तिच्यासाठी इतर कादंबऱ्या वाचताना जे हाती लागलं, ते इथे सांगते.

१. सूड खरोखर हाताशी आलेला असला पाहिजे

ज्याच्या हातात काहीच नाही त्याने "मी माफ केलं" म्हणावं, यात कथा नाही. ती पुष्कळदा नुसती लाचारी असते. मार्थाबाईने ऑगस्ट १९४८ मध्ये क्षमेचे शब्द उच्चारले असते तर वाचकाला तिची कीव आली असती, आणखी काही नाही. रझाकार बळजोर होते, तिला दुसरं करता काय येणार होतं?

पोलीस ॲक्शनमध्ये १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात आपण हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो आणि तो साजरा करण्यासारखाच आहे. पण त्या पाच दिवसांनंतरच्या आठवड्यांबद्दल आपण फार कमी बोलतो. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. तो पकडला गेला, आणि त्याने पेरलेल्या विषाचा हिशेब त्याच्या धर्माच्या मुसलमान गोरगरिबांकडून चुकता करून घेतला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हा मुलूख पालथा घातला. मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं दिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. हा अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढे आला नाही.

माझी कथा त्या आठवड्यांत उभी आहे, कारण तिथे सूड फुकट मिळत होता. मार्थाबाईला हत्यार उचलायचं नव्हतं, कुणाला सुपारी द्यायची नव्हती. गल्लीत टोळकं फिरत होतं, हातात कंदील आणि कुऱ्हाडी. तिने दार उघडं ठेवून एक हाक मारली असती की काम झालं असतं. एवढंच काय, काहीही न करता नुसती उभी राहिली असती तरी दस्तगीर मेला असता, आणि तिला कुणी खुनी म्हटलं नसतं.

लातूरच्या एका सभेत हा भाग वाचला. ऐकणाऱ्यांत ॲक्शनच्या वेळी लहान पोर असलेल्या एक आजी होत्या. वाचन थांबवून त्या म्हणाल्या, "बाई, त्या काळी आमच्या दाराला कडी कुठली? आतून अडणा असायचा, बाभळीचा, ह्ये एवढा जाड. तो एकट्या बाईला उचलवायचा नाही." त्यांनी दोन्ही हातांनी त्या लाकडाचं वजन दाखवलं. ते वजन मी तसंच कथेत घेतलं. आता माझ्या मार्थाबाईला दस्तगीरला वाचवायचं तर नुसतं गप्प राहून भागत नाही. भिंतीला टेकवलेला अडणा उचलून दोन्ही बाजूंच्या खोबणीत बसवावा लागतो, आणि एकटीला तो पेलत नाही म्हणून दुसरं टोक दस्तगीरला धरावं लागतं. भावाचा घात करणारा आणि ती, दोघं मिळून दार लावतात. हे दृश्य मला एकटीला सुचलं नसतं.

२. आधी जखम पुरी सांगावी

क्षमेची कथा लिहिणाऱ्याला क्षमेची घाई असते. पहिल्या दोन पानांत गुन्हा उरकायचा आणि उरलेली पानं मोठेपणाला द्यायची. याने मेलेल्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

माझ्या कथेत पहिली तीन प्रकरणं याकोब जिवंत आहे. तो आणि दस्तगीर एकाच बाकावर बसून उर्दूतून शिकले, कारण निजामी राज्यात शाळेची भाषा उर्दू. याकोबचं अक्षर चांगलं, म्हणून गावचे लोक त्याच्याकडून अर्ज लिहून घ्यायचे. दस्तगीरच्या आईचाही अर्ज त्याने लिहिला. तो मारला जातो तेव्हा वाचकाला तो हवासा वाटत असला पाहिजे, त्याशिवाय मार्थाबाईने काय सोडलं हे कसं कळणार?

आणि गुन्ह्याला गुन्हा म्हणायचं. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची ऑक्टोबर १९४६ मध्ये हत्या झाली. बिदर जिल्ह्यात गोर्ट्याला मे १९४८ मध्ये रझाकारांनी गावाचं गाव रक्तात बुडवलं. नांदेडकडची माणसं पैनगंगा ओलांडून उमरखेडला, लातूरकडची बार्शी-सोलापूरला जीव घेऊन पळाली. हे सगळं कथेत येतं. काही सुजाण माणसांनी मला सांगितलं, "मॅडम, जुन्या खपल्या कशाला काढता? प्रेमाचं लिहा की." त्यांची कळकळ खरी होती. पण बायबलमधली योसेफाची गोष्ट पाहा. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, विकलं. पुढे तो मिसरात मोठा अधिकारी झाला, तेच भाऊ धान्य मागायला आले, आणि त्याने लगेच गळ्यात गळा घातला नाही. आधी त्यांना तुरुंगात ठेवलं. नंतर धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवून तो चोर ठरवला, आणि हे भाऊ याही वेळी धाकट्याला टाकून पळतात की त्याच्यापाठी उभे राहतात ते पाहिलं. यहूदा पुढे होऊन म्हणाला की याच्याऐवजी मला गुलाम करा. तेव्हा योसेफाला रडू फुटलं. क्षमेच्या आधी त्या घराने आपला जुना अपराध पुन्हा समोर घेतला. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कथाकाराला जे कळलं होतं ते सोडून देण्याचं आपल्याला काही कारण नाही.

३. आधी सूड, मग क्षमा असं लिहू नये

ल्यू वॉलेसची 'बेन-हर' आमच्या घरांतून सिनेमामुळे जास्त माहीत आहे. वॉलेस अमेरिकी यादवी युद्धातला सेनापती, कादंबरी १८८० सालची. शेवटी नायक क्रुसाजवळ उभा राहतो आणि त्याच्या मनातली तलवार गळून पडते. वाचताना आपणही हेलावतो. पण त्याचा वैरी मेसाला याचं काय झालं ते नीट पाहा. १९५९ च्या सिनेमात रथाच्या चाकाला पाती लावून दगा करतो तो मेसाला. कादंबरीत मात्र बेन-हर स्वतः आपल्या आसाचं लोखंडी टोक मेसालाच्या चाकात घालून त्याचा रथ फोडतो. मेसाला जन्माचा पांगळा होतो, भिकेला लागतो. मग क्षमा येते. वाचकाने सूडाची चवही घेतली आणि क्षमेचं पुण्यही पदरात पाडून घेतलं. कादंबरी अफाट खपली त्याचं एक कारण हेच असावं असं मला वाटतं. त्या रथांच्या शर्यतीचं वर्णन अप्रतिम आहे, हे मान्य करूनही क्षमेची कथा म्हणून मी ती कुणापुढे ठेवणार नाही.

शेन्क्येविचची 'क्वो वादिस' १८९६ ची. त्यात ग्लाउकस नावाचा वैद्य आहे. किलो नावाच्या लबाड ग्रीकाने त्याच्या बायकोमुलांना गुलाम म्हणून विकलं, त्याला भोसकून टाकून दिलं, आणि पुढे ख्रिस्ती लोकांची ठिकाणं नीरोला दाखवून त्यालाही मरणाच्या तोंडी दिलं. नीरोच्या बागेत ख्रिस्ती माणसांना खांबांना बांधून पेटवलेलं आहे. जळत्या ग्लाउकसपुढे किलो येऊन कोसळतो आणि माफी मागतो. ग्लाउकस माफ करतो. त्या क्षणापर्यंत भेकड म्हणून ओळखलेला किलो उठून भर गर्दीत नीरोकडे बोट दाखवतो की रोम यानेच जाळलं. त्यासाठी पुढे तो हालहाल होऊन मरतो. पहिल्या मुद्द्यात मी म्हटलं की सूड हाताशी हवा, आणि ग्लाउकसच्या हातात तर काहीच नाही. तरीही हा प्रसंग उभा राहतो. एक शाप देण्याएवढा श्वास त्याच्याजवळ उरला होता आणि तो त्याने कशावर खर्च केला हे आपण पाहतो. शिवाय लेखक क्षमेवर थांबत नाही, ती ज्याला मिळाली त्याचं पुढे काय झालं हेही दाखवतो.

तिसरी कादंबरी माझी सर्वांत लाडकी, इटलीच्या मान्झोनीची, १८२७ ची. मराठीत तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. रेंझो या गरीब विणकराची ठरलेली बायको एका मस्तवाल जमीनदारामुळे त्याला अंतरली. १६३० च्या प्लेगमध्ये मिलानच्या रोगी-छावणीत तो तिला शोधतो आहे आणि जमीनदार सापडला तर जीव घेईन म्हणून दात खातो आहे. तिथला म्हातारा साधू क्रिस्तोफोरो त्याच्यावर संतापतो. हा क्रिस्तोफोरो तरुणपणी रस्त्यात वाट कुणी सोडायची एवढ्यावरून एकाचा खून करून बसला होता. मग संन्यास घेऊन तो मेलेल्याच्या भावाच्या वाड्यात, सगळ्या भाऊबंदांसमोर, क्षमा मागायला गेला. ती मिळाल्यावर त्याने खूण म्हणून त्या घरचा एक पाव मागून घेतला आणि त्याचा तुकडा डबीत जन्मभर जपला. तो रेंझोला हाताला धरून नेतो आणि दाखवतो. जमीनदार प्लेगने बेशुद्ध पडलेला आहे, त्याला मारायला आता एक उशीसुद्धा पुरे. रेंझोला तिथे प्रार्थना करावी लागते. क्षमा सांगणारा स्वतः क्षमा मिळालेला खुनी आहे, म्हणून त्याचा राग आपल्याला सहन होतो. माझ्या कथेतल्या पाळकसाहेबांना मी मार्थाबाईला काही सांगू दिलेलं नाही, त्याचं कारण हेच आहे. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं काही गेलेलं नाही.

४. क्षमेचा हक्क ज्याचा त्याचा, आणि सूडाचाही दुसऱ्याने घ्यायचा नाही

गोव्यात साष्टीच्या कुंकळ्ळीला जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट धर्मगुरू मारले गेले. त्यांतले रुडॉल्फ अक्वाविवा अकबराच्या दरबारी राहून आलेले. त्यांच्या हौतात्म्याच्या कथा ख्रिस्ती घरांतून श्रद्धेने सांगितल्या जातात. पण त्याआधी पोर्तुगीज सत्तेने त्या गावांची देवळं पाडली होती. त्यानंतर कुंकळ्ळी परिसराच्या मुखियांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आलं आणि दगा देऊन ठार करण्यात आलं. सोळांपैकी एक तेवढा निसटला असं सांगतात.

मेलेल्या पाचजणांनी हा सूड मागितला होता का? क्रुसावरच्या पहिल्या, क्षमेच्या वचनावर प्रवचनं देणाऱ्या त्या माणसांच्या नावाने, त्यांना न विचारता, राज्याने आपलं राजकारण उरकलं. त्याच साष्टीत आयुष्य घालवलेल्या फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापून निघालं आणि येशूच्या मरणाची कथा मराठी ओवीत आली. मला नेहमी वाटतं, त्या ओव्या ऐकणाऱ्यांत असोळण्याला गेलेल्यांचे नातलगही कुठे बसले असतील का? कुंकळ्ळीवर ख्रिस्ती लेखकाने कादंबरी लिहावी, जरूर लिहावी. पण पाच जणांच्या मरणावर पुस्तक मिटवू नये. देवळांपासून सुरुवात करून असोळण्यापर्यंत जावं.

उलट बाजूही तेवढीच खरी. क्षमाही परस्पर वाटून टाकता येत नाही. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला व्यासपीठावरून 'सत्तर वेळा सात' क्षमा करण्याची आठवण करून देणारे उपदेशक मी ऐकले आहेत. तो मुलीवर आणखी एक वळ आहे. क्षमा मागायला अपराधी आलेला नसताना, मार थांबलेला नसताना, जिला लागलं तिला कुणी तिसऱ्याने "सोडून दे बाई" सांगणं ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. कथेत असा उपदेशक आला तर तो वाचकाला ओळखू येईल असा लिहावा.

५. क्षमा झाली म्हणून खटला थांबत नाही

तरुण वाचकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. त्यांना मी ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण देते. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी यांना गाडीत झोपलेले असताना जाळण्यात आलं. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारीपदाच्या कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र आपल्या वाटेने चालला. मुख्य आरोपी दारासिंगला खालच्या कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मनातलं वैर सोडणं हे बाईंच्या हातात होतं. दोन लेकरांच्या खुनाचा जाब विचारणं हे राज्याचं काम होतं, आणि ते एकट्या बाईंच्या दुःखाचं प्रकरण नव्हतंच. माझा दस्तगीरही सकाळी पोलिसांच्या हाती जातो. जमावाच्या हाती जात नाही, एवढाच फरक. पण १९४८ मध्ये तो फरक म्हणजे आयुष्य होतं.

६. खूण आपल्या मातीतली असावी

अनुवादित ख्रिस्ती कादंबऱ्यांत क्षमा झाली की माणसं एकमेकांना मिठी मारतात, हातात हात घेतात. आमच्या खेड्यात १९४८ साली एक बाई परक्या पुरुषाचा हात धरेल?

सिस्टर राणी मारिया यांचा खून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात, इंदूरच्या वाटेवरच्या बसमध्ये झाला. सावकारीत पिचलेल्या गरिबांना त्या संघटित करत होत्या. मारणाऱ्या समुंदरसिंगला त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, तुरुंगात जाऊन राखी बांधली. पुढे तो सुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंदूरला राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केलं तेव्हा तोही तिथे हजर होता. कुठल्याही परदेशी कादंबरीकाराला ती राखी सुचली नसती. बहिणीचा जीव घेणाऱ्याला भाऊ करून घेणं आणि त्यासाठी शेजारपाजारच्या बायका दरवर्षी बांधतात तोच दोरा वापरणं, यापुढे पानभर संवाद फिके पडतात.

नांदेडकरांना तर आपल्या गावातच धडा आहे. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथे गोदाकाठी देह ठेवला. त्यांच्या फौजेतले भाई कन्हैया आनंदपूरच्या लढाईत घायाळ शत्रूंनाही पाणी पाजत. तक्रार गुरूंकडे गेली. कन्हैयांनी सांगितलं की मला सगळ्यांत तुमचंच रूप दिसतं. गुरूंनी त्यांना थांबवलं तर नाहीच, पाण्याबरोबर मलमपट्टीही द्यायला सांगितली. सचखंड गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांकडून ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मार्थाबाईच्या घरात पाण्याचा तांब्या आपोआप आला.

त्या तांब्यावर मी बराच विचार केला. घरात पाणी मागणाऱ्याला पाणी द्यायचं हे आपल्याकडे सूड, क्षमा यांच्याही आधीचं. वैरी दारात आला तरी पाण्याला नाही म्हणत नाहीत. म्हणजे तांब्या पुढे केला यात क्षमा झाली असं म्हणता येत नाही. मग मी पुढचं लिहिलं. मार्थाबाई चुलीपाशी जाते. उतरंडीत याकोबची जर्मनची ताटली पालथी घातलेली आहे, तो गेल्यापासून कुणी वापरलेली नाही. घरात दुसरी मोकळी ताटली नाही. ती ताटली काढते, पदराने पुसते, तिच्यात ज्वारीची अर्धी भाकरी आणि लाल तिखट ठेवते. दस्तगीर ती ताटली ओळखतो. पाव जपणारा मान्झोनीचा साधू हे वाचून खूश झाला असता, असं मला मनापासून वाटतं.

७. क्षमा ही एकट्या ख्रिस्ती माणसाची मिरास नाही

ख्रिस्ती कथालेखकाला मोह होतो तो असा की चांगुलपणा दाखवणारं पात्र ख्रिस्तीच असावं आणि बाकीचे त्याच्याकडून शिकावेत. हे खोटं आहे, आणि इथल्या वाचकाला ते लगेच कळतं. अंगावर थुंकणाऱ्यावर न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरणारे एकनाथ पैठणचे, आमच्याच मराठवाड्याचे. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा असं मागितलं. सुंदरलाल समितीच्या अहवालात भयंकर गोष्टी आहेत. पण त्यातच असंही नोंदलेलं आहे की कितीतरी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, आणि काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी स्वतःचे जीव गमावले. एका मागावर काम करणाऱ्यांचं नातं जमावापेक्षा घट्ट निघालं. माझ्या कथेत मार्थाबाईचं दार ठोठावणाऱ्या टोळक्याला "इथे कुणी नाही, मी आत्ताच बघून आलोय" असं खोटं सांगणारा एक कोष्टी आहे. त्याचं नाव मी दिलेलं नाही, कारण अहवालातही त्या माणसांची नावं नाहीत.

८. पात्रांना प्रवचन करू देऊ नये

उत्तम शुक्रवारी दुपारी आमच्या उपासनेत क्रुसावरच्या सात वचनांवर सातजण बोलतात. पहिलं वचन क्षमेचं. ते माझ्याकडे आलं तेव्हा मी मोकळेपणाने बोलले, कारण ती जागा बोलण्याचीच आहे. कथेत तसं चालत नाही. मार्थाबाईच्या तोंडी क्षमा हा शब्द एकदाही येत नाही. ती दस्तगीरला एवढंच विचारते, "त्यानं शेवटी काय म्हणलं?" भावाचे शेवटचे शब्द ऐकलेला जगात हा एकच माणूस उरलेला आहे. तो मेला तर तेही गेले. दस्तगीर सांगतो. काय सांगतो ते मी लिहिलं आहे, इथे देत नाही.

९. क्षमा न करणारंही एक माणूस घरात असू द्यावं

मार्थाबाईची आई त्या रात्री त्याच खोलीत आहे. ती दस्तगीरकडे पाठ करून बसते. ओरडत नाही, पण भाकरीच्या ताटलीकडे पाहतही नाही. पहाटे मार्थाबाईला म्हणते, "तू केलीस ती तुझी रीत. माझ्या पोटचा होता तो."

ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ही म्हातारी खटकते. नांदेडच्या सभेत एका शब्बाथशाळेच्या बाईंनी कळवळून विचारलं, "शेवटी तरी आईचं मन बदललेलं दाखवा ना. पोरांपुढे काय आदर्श जाईल?" मला त्यांचं म्हणणं पटत नाही. आईला मी वाईट ठरवणार नाही आणि रडवून बदलणारही नाही. तिने सूड घेतला नाही. हाक मारणं तिच्याही हातात होतं आणि तिने मारली नाही. त्यापलीकडे तिच्याकडून आणखी काही वसूल करायचा मला लेखिका म्हणून अधिकार नाही. तिच्यामुळे मार्थाबाईची क्षमा सोपी होत नाही, घरातच तिला रोज उत्तर द्यावं लागतं. पुढची सगळी वर्षं त्या दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करतात.

शेवटच्या प्रकरणात खटला आहे. दस्तगीरविरुद्ध साक्षीदार म्हणून आईचं नाव आहे, मार्थाबाईचं नाही, कारण तो प्रकार आईने लांबून पाहिला. याकोबवर पहिला वार दस्तगीरनेच केला असं तिने सांगावं, म्हणजे फाशी पक्की, असं गावातले चारजण तिला आदल्या रात्री येऊन समजावून जातात. म्हातारी कोर्टात उभी राहते, शपथ घेते आणि सांगते की याने वाट दाखवली, हत्यार याच्या हातात नव्हतं. वकील पुन्हा विचारतो. ती पुन्हा तेच सांगते, आणि दस्तगीरकडे न बघता खाली उतरते. शब्बाथशाळेच्या बाईंना मी हे प्रकरण पुढच्या सभेत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की ही क्षमाच झाली. मी म्हटलं, नाही, ही खरी साक्ष झाली. आमचा तो वाद अजून चालू आहे.